लाल कोटातला पीटर

‘चांदोबा’तला राक्षस ओळखायला मला गोष्ट वाचावी लागायची नाही. सुळे बाहेर आलेले, केस पिंजारलेले आणि अंग काळंकुट्ट. राजकन्या गोरी, राजपुत्र गोरा, हरणाच्या पाडसाला कुरवाळणारी ऋषिकन्याही गोरीच. पुढे घरात ‘अमर चित्र कथा’ आल्या, तरी ही वाटणी तशीच राहिली. देव निळे, वीर उजळ, असुर काळे. देवघरातल्या तसबिरी चित्रकार राजा रविवर्मा यांच्या वळणाच्या. त्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, नंतर मळवलीला गेला, आणि त्या चित्रांतल्या गोऱ्यापान लक्ष्मी-सरस्वती घराघरांतल्या भिंतींवर जाऊन बसल्या. अक्षरओळख व्हायच्या आधीच कोण चांगलं आणि कोण वाईट हे मला रंगावरून कळत होतं. हे मला कुणी शिकवायला बसलं नव्हतं. चित्रं समोर होती आणि मी ती रोज पाहत होते.

मी रंगानं काळीसावळी. आत्या यायची तेव्हा हनुवटी वर करून म्हणायची, “नाकीडोळी नीटस आहे हो, रंगच तेवढा...” आणि वाक्य तिथंच सोडायची. रविवारी आजी साय, डाळीचं पीठ आणि हळद कालवून माझ्या अंगाला चोळायची. त्या हातांत माया होती, आणि तरी त्या मायेतून मला कळत होतं की माझ्यात काहीतरी घासून काढण्यासारखं आहे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्राटिकेचं काम माझ्याकडे आलं. बाईंनी वर्गावर नजर फिरवली, माझ्यावर थांबवली आणि नाव लिहून घेतलं. मला त्याचं नवल वाटलं नाही. चित्रांत मी ते आधीच पाहिलेलं होतं.

काळा माणूस गोष्टीचा नायक असतो, हे मला पहिल्यांदा सांगितलं ते वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’नं. हे पुस्तक १९८१ साली आलं आणि माझ्या पिढीतल्या कितीतरी मराठी मुलांनी ते वाचलं. अमेरिकेतल्या गुलामगिरीशी, तिथल्या वर्णभेदाशी आमची ओळख झाली ती या पुस्तकातून. मिसूरीत गुलाम आईच्या पोटी जन्मलेलं, आईपासून तुटलेलं एक किरकोळ प्रकृतीचं पोर, पुढं टस्कीगीच्या प्रयोगशाळेत भुईमूग आणि रताळी घेऊन बसलेला शास्त्रज्ञ होतं. अण्णा मला ते रोज थोडं थोडं वाचून दाखवायचे. एका रात्री मी विचारलं, “कातडीच्या रंगावरून माणसाला शाळेत घेत नाहीत, असं आपल्याकडे होतं का?” अण्णांनी पुस्तक मिटलं नाही. खुणेला बोट घालून ते म्हणाले, “आपल्याकडे जात बघायचे. आपल्या गावच्या वाड्यातला आड तू पाहिलायस ना? तुझ्या पणजोबांच्या वेळी त्या आडावर काही माणसांना येऊ देत नसत. ती उन्हात लांब उभी राहायची आणि आपल्या घरातलं कुणी वरून पाणी ओतायचं.” मग त्यांनी पुढचं पान वाचायला घेतलं. त्यांचं ते बोलणं दोन मिनिटांचंही नसेल. पण आपल्या घराविषयीचं खरं मला माझ्याच वडिलांच्या तोंडून कळलं, आणि ते कळायला मिसूरीतल्या एका मुलाची गोष्ट निमित्त झाली. पुस्तकातून बोलण्याचा हा रस्ता मी तेव्हाच पाहिला.

लग्नानंतर काही वर्षं आम्ही न्यू जर्सीत होतो. लेक तिथंच झाली. थंडीचे चार-पाच महिने घरात कोंडून घेण्यापेक्षा गावातलं सार्वजनिक वाचनालय बरं. जमिनीवर मऊ जाजम, मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटं आणि हवी तेवढी पुस्तकं घरी न्यायची मुभा. तिथं मला ‘द स्नोई डे’ मिळालं. एझ्रा जॅक कीट्स यांचं, १९६२ सालचं. पीटर नावाचा मुलगा सकाळी उठतो, बाहेर बर्फ पडलेलं असतं, तो लाल कोट-टोपी चढवून दिवसभर बर्फात खेळतो. पावलांचे ठसे उमटवतो, काठीनं झाड झोडपतो, बर्फाचा गोळा खिशात घालून घरी आणतो आणि तो विरघळल्यावर खट्टू होतो. गोष्ट एवढीच. पीटर काळा आहे. पण याचा उल्लेख पुस्तकाच्या मजकुरात एकदाही येत नाही.

कीट्स स्वतः ब्रुकलिनमधल्या पोलिश ज्यू स्थलांतरितांचा मुलगा. जन्मनाव कॅट्झ. ज्यूद्वेषाच्या त्या दिवसांत नाव बदलून घेणं त्यांना भाग पडलं होतं. १९४० साली ‘लाइफ’ मासिकात आलेली एका लहान काळ्या मुलाची छायाचित्रं त्यांनी कापून ठेवली होती आणि ती वीसेक वर्षं जवळ बाळगली. दुसऱ्यांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढताना काळं मूल नायक म्हणून कधी आलंच नाही, हे त्यांना सलत होतं. स्वतःचं पुस्तक करायची वेळ आली तेव्हा त्यांनी त्या कात्रणांतल्या मुलाला बर्फात सोडलं. रंगीत कागद, कापडाचे तुकडे चिकटवून चित्रं केली. चित्रपुस्तकांसाठी दिलं जाणारं १९६३ चं कॅल्डिकॉट पदक त्या पुस्तकाला मिळालं. २०२० मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीनं आपल्या सव्वाशे वर्षांत सर्वाधिक वेळा नेली गेलेली पुस्तकं काढली, तेव्हा पहिला आला पीटर. ४,८५,५८३ वेळा कुणी ना कुणी त्याला घरी घेऊन गेलं होतं.

त्याच १९६२ मध्ये अमेरिकेत आणखी एक गोष्ट झाली. क्रेयोला कंपनीच्या खडूंत फिक्या गुलाबी रंगाच्या एका खडूचं नाव ‘फ्लेश’ असं होतं, म्हणजे अंगाचा रंग. ते बदलून ‘पीच’ केलं गेलं. तोवर प्रत्येक काळ्या, तपकिरी मुलाला त्या पेटीत वाचायला मिळत होतं की अंगाचा रंग तो, आणि तो आपला नव्हे. माझ्या लेकीच्या वेळी नाव बदलून कितीतरी वर्षं उलटली होती. तरी तिनं बालवाडीत स्वतःचं चित्र काढलं ते फिक्या गुलाबी खडूनंच. मी तिला काही बोलले नाही. त्या रात्री पीटरचं पुस्तक आम्ही पुन्हा काढलं. “त्याचं तोंड रंगवायला कुठला खडू लागेल?” असं मी विचारलं. तिनं पेटी उपडी केली आणि तपकिरी खडू एकेक करून चित्राला लावून बघायला लागली. मग आईचा हात, बाबांचा हात, शेजारच्या कोरियन मैत्रिणीचा हात. जाजमावर अर्धा तास खडूंचा पसारा होता आणि कुणी कुणाला उपदेश करत नव्हतं.

मुलांना रंग दिसत नाही असं आपण म्हणतो, ते आपल्या सोयीचं आहे. तीन महिन्यांचं बाळसुद्धा रोज दिसणाऱ्या माणसांच्या वंशाचे चेहरे अधिक वेळ पाहतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्यानं १९४० च्या दशकात काळ्या मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. छान बाहुली कुठली असं विचारल्यावर बहुतेक मुलांनी गोरी उचलली. शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या ‘ब्राऊन’ खटल्यात हा पुरावा न्यायालयापुढे होता. मुलं बघतात, जोड्या लावतात, निष्कर्ष काढतात. आपण गप्प बसलो तर त्यांच्या हाती उरतात ती फक्त समोरची चित्रं. म्हणून ती कुठली आहेत याला फार महत्त्व आहे.

नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९६५ साली ही चित्रंच मोजून काढली. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत अमेरिकन प्रकाशकांनी काढलेली ५,२०६ बालपुस्तकं त्यांनी हिशेबात घेतली. त्यांतल्या फक्त ३४९ पुस्तकांत एखादं तरी काळं माणूस होतं. त्यांनी पीटरलाही सोडलं नाही. मजकुरात तो काळा असल्याचं का म्हटलं नाही, असं विचारलं. हा वाद मला अजून मोलाचा वाटतो. माझं मत कीट्स यांच्या बाजूचं आहे. पीटरला रंग आहे आणि बालपणही आहे. त्याला कुणी हाकलत नाही, कुणी मारत नाही, त्याला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही. काळ्या मुलाची पहिली गोष्ट जर चाबकाची आणि साखळदंडाची सांगितली, तर ऐकणाऱ्या मुलाच्या मनात काळं म्हणजे बिचारं हेच जाऊन बसतं. आधी पीटर, मग बाकीचं.

बाकीचं टाळावं असं मात्र मी म्हणत नाही. रुडीन सिम्स बिशप या प्राध्यापिकेनं १९९० साली मांडलं की काही पुस्तकं मुलाला आरसा असतात आणि काही खिडकी. खिडकीतून नेहमी सुंदरच दिसेल असं नाही. रुबी ब्रिजेसची गोष्ट अशीच. १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लिन्समधल्या विल्यम फ्रँट्झ या तोवर फक्त गोऱ्यांच्या प्राथमिक शाळेत सहा वर्षांची काळी रुबी चार मार्शलांच्या पहाऱ्यात चालत गेली. बाहेर बायका-पुरुषांची गर्दी तिच्यावर किंचाळत होती. गोऱ्या पालकांनी आपली मुलं काढून नेली. बॉस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री या एकाच बाईंनी तिला वर्षभर एकटीला वर्गात शिकवलं. तिला भेटत राहिलेले मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट कोल्स यांनी १९९५ मध्ये तिची गोष्ट चित्रपुस्तकात लिहिली. जॉर्ज फोर्ड यांची चित्रं आहेत. गर्दीच्या पानावर लेकीनं माझा हात धरून ठेवला, पान उलटू दिलं नाही. बराच वेळ बघून म्हणाली, “आई, या बायका तर आई आहेत.” त्या चित्रात तिला सगळ्यात भयंकर तेच वाटलं होतं. मी म्हटलं, हो, आयाच होत्या, आणि आपण बरोबर करतोय असं त्यांना वाटत होतं.

मग तिनं विचारलं, “तिथं आपली माणसं होती का?” मी तिला भिडेवाड्याची गोष्ट सांगितली. १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाई फुल्यांच्या अंगावर शेणगोळे मारणारे लोक आपलेच होते, आणि शाळेत पोचल्यावर नेसायला दुसरं लुगडं बरोबर घेऊन जाणाऱ्या सावित्रीबाईही आपल्याच. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिलं, ते अर्पण केलं अमेरिकेतल्या ज्या लोकांनी तिथल्या काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली त्यांना. पुण्यातल्या माणसाला त्या काळी ही दोन्ही दुःखं एकाच जातीची दिसली होती. लेकीला एवढं सगळं एका रात्रीत सांगितलं नाही. पण रुबीपाठोपाठ सावित्रीबाई आल्या आणि त्या पुढं कित्येक दिवस आमच्याकडे राहिल्या.

रुबीचं पुस्तक आमच्या ओळखीच्या मराठी घरांतून आनंदानं वाचलं जायचं. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरचं ‘भीमायन’ हे चित्रपुस्तक आणलं तेव्हा मात्र एका घरी चहाचे कप खाली ठेवले गेले. “एवढ्या लहान मुलांना कशाला आत्तापासून जात?” मला हा प्रश्न तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. मुलांना जात आधीच भेटलेली असते. आडनाव विचारण्याच्या सुरात, ‘आपल्यातलं’ या शब्दात, जातीतच लग्न जमल्यावर सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्या आजीत, मोलकरणीच्या वेगळ्या कपात. आणि ती आपल्या सामानातून समुद्र ओलांडते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहरानं जातिभेदावर कायद्यानं बंदी घातली, अमेरिकेतलं असं पहिलं शहर. तिथं ही गोष्टच नसती तर असा कायदा करायची गरज कुणाला पडली असती? परक्यांच्या अन्यायावर हळहळणं सोपं, आपल्यावर बोलायला घसा कोरडा पडतो. मुलं हा फरक ताबडतोब हेरतात.

‘भीमायन’ २०११ साली आलं. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकारांची. त्यांनी पानांना चौकटी आखायला नकार दिला, आपली माणसं डब्यात कोंडायची नाहीत म्हणून. त्यांतले बोलण्याचे फुगे बघण्यासारखे आहेत. प्रेमाचं, साधं बोलणं पक्ष्याच्या आकारात येतं. जे बोलणं डंख मारतं, त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. बाबासाहेब लहानपणी, १९०१ साली, वडिलांना भेटायला भाऊ आणि भाच्यांबरोबर कोरेगावला निघाले. मसूरच्या स्टेशनवर उतरले तर त्यांची जात कळल्यावर गाडीवाले न्यायला तयार होईनात, आणि रस्त्यात कुणी पाणी देईना. ही गोष्ट मी मुलांना दाखवली तेव्हा ती विंचू शोधायला लागली. कुठलं बोलणं नांगीचं, हे त्यांचं त्यांनी ठरवलं. मला एका शब्दाचंही स्पष्टीकरण द्यावं लागलं नाही. चित्रपुस्तकाचं बळ ते हेच. मूल आणि आपण एकमेकांच्या डोळ्यांत न बघता, शेजारी शेजारी बसून, तिसऱ्याच गोष्टीकडे बघत असतो. जे तोंडावर विचारता येत नाही ते पानावर बोट ठेवून विचारता येतं.

पुण्याला परतल्यावर सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी मुलांना पुस्तकं वाचून दाखवायला सुरुवात केली. पुण्यात आफ्रिकेतल्या अनेक देशांतून मुलं शिकायला येतात. आमच्या गल्लीतही काही राहत होती. त्यांना बघून गेटपाशी खेळणारी पोरं हसायची, नको त्या हाका मारायची. २०१७ च्या मार्चमध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना जमावानं मारलं, त्याची सुरुवात अशाच हाकांतून झालेली असते असं मला वाटतं. मी पीटर वाचायला घेतला. एक मुलगा उठून म्हणाला, “मावशी, हा आफ्रिकन आहे, मग बर्फात कसा?” म्हणजे काळं माणूस दिसलं की ते आफ्रिकेतच असणार, आणि आफ्रिकेत बर्फ नसणार, अशी त्याची पक्की समजूत. आम्ही नकाशा उघडला. न्यूयॉर्क कुठं, माणसं जहाजांतून कशी पळवून नेली, केनियातल्या पर्वतावरही बर्फ असतं, हे सगळं त्या एका प्रश्नाच्या पोटातून निघालं.

त्या हॉलमध्ये ज्या पुस्तकावर मुली सर्वात जास्त बोलल्या ते लुपिता न्योंगो या अभिनेत्रीचं ‘सुल्वे’. २०१९ चं, वश्ती हॅरिसन यांच्या चित्रांचं. सुल्वे घरातली सर्वात काळी. रंग खोडायला ती खोडरबर घेऊन बसते. ते पान आलं आणि सातवीतली एक मुलगी म्हणाली, “आमच्याकडे बेसन.” दुसरी म्हणाली, “माझी मम्मी क्रीम लावते मला.” गोरं करण्याचं आश्वासन देणाऱ्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातला ‘फेअर’ हा शब्द २०२० मध्ये काढला गेला, पण आंघोळीआधीच्या त्या वाट्या तशाच आहेत. मुली बोलत राहिल्या, मी ऐकत राहिले. माझ्या लहानपणी असं बोलायला जागाच नव्हती.

या पुस्तकांची काहींना धास्ती वाटते, तीही उगाच नाही. १९५८ साली गार्थ विल्यम्स यांनी एका काळ्या आणि एका पांढऱ्या सशाच्या लग्नाचं पुस्तक काढलं. अलाबामातल्या एका सिनेटरनं त्यावर गहजब केला आणि एमिली रीड या ग्रंथपाल बाईंना ते राखीव कपाटात ठेवावं लागलं. दोन ससे! २०२१ मध्ये टेनेसी राज्यात पालकांच्या एका गटानं रुबीच्या पुस्तकावर आक्षेप घेतला. चित्रानं मुलाच्या मनात काय उतरतं हे या लोकांना नेमकं ठाऊक आहे. ते आपल्यालाही ठाऊक असायला हवं.

आपल्याकडे साहित्य कमी नाही. चेन्नईच्या तारा बुक्सनं २०१० साली ‘आय सी द प्रॉमिस्ड लँड’ काढलं. मार्टिन ल्यूथर किंग यांचं चरित्र, शब्द आर्थर फ्लॉवर्स या काळ्या कथेकऱ्याचे आणि चित्रं बंगालच्या मनू चित्रकार या पटुआ कलावंताची. अमेरिकेतला संग्राम त्या चित्रांत बंगाली पटाच्या ठसठशीत रेषांत उतरला आहे. असं काम मराठीत व्हायला हवं, आणि त्यासाठी विषय शोधायला लांब जायला नको. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीनं, जेमतेम १४ वर्षांची असताना, मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. रुबीच्या १०५ वर्षं आधी. महाराष्ट्रातल्या चित्रकारांनो, लेखकांनो, प्रकाशकांनो, मुक्ताला घरोघरच्या मुलांच्या मांडीवर येऊ द्या. तिला काळीसावळी रंगवा, आणि निबंधाच्या आधी दोन-चार पानं तिला नुसतं खेळू द्या.